नळी विकतची, दस्ता स्वतःचा

अठराव्या शतकातली एखादी अमेरिकन लाँग रायफल समोर ठेवली आणि तिच्यावर कुणाचंच नाव नसलं, तर जाणकार माणूस नळी सर्वांत शेवटी बघतो. आधी तो दस्त्याची खालची कड कशी उतरत गेली आहे ते पाहतो. गाल टेकायच्या उंचवट्यामागचं कोरीव काम पाहतो. उजव्या अंगावरच्या पितळी झाकणाचा घाट, बुडाच्या पितळी पट्टीची टाच, ट्रिगरभोवतीच्या कड्याचं वळण पाहतो. मग सांगतो, ही लँकेस्टरची, ही लीहाय खोऱ्यातली, ही अमक्याच्या हाताखाली शिकलेल्याची असावी. नळी आणि चाप (म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा) यांच्यावरून एवढं सांगता येत नाही, कारण ते पुष्कळदा विकत आणलेले असत. पेन्सिल्व्हेनियातल्या बर्क्स परगण्यात वायोमिसिंग ओढ्याच्या पाण्यावर नळ्या भोकायच्या गिरण्या चालत. चकमकीचे चाप जहाजाने इंग्लंडहून येत. बर्मिंगहॅमच्या केटलंड घराण्याचं नाव असलेले चाप कितीतरी अमेरिकन रायफलींवर आजही दिसतात. बंदूकवाल्याचा स्वतःचा हात ज्यात खात्रीने दिसतो, ते म्हणजे लाकूड आणि पितळ. हे पुस्तक त्या दोन पदार्थांचं आहे.

या बंदुकीशी ओळखच नसलेल्या वाचकासाठी थोडं मागे जायला हवं. आपल्याकडे कोकणात पीकसंरक्षणासाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक अनेकांनी पाहिली असेल. तोंडातून दारू भरायची, वर छरे किंवा गोळी घालायची, गजाने ठासायचं. लाँग रायफल त्याच जातीची. फरक आहे तो नळीच्या आत. तिथे मळसूत्री चर कापलेले असतात. गोळी तेलट कापडाच्या तुकड्यात बसवून ठासली की कापड चरांत घट्ट बसतं आणि बार उडाल्यावर गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. त्या फिरण्यामुळेच ती सरळ जाते. कापडाचे हे तुकडे ठेवायला दस्त्याच्या उजव्या बाजूला एक छोटी पेटी कोरलेली असते, तिला पॅचबॉक्स म्हणतात. सुरुवातीला तिचं झाकण लाकडाचं आणि सरकतं असे. पुढे ते पितळी आणि बिजागरीचं झालं, आणि बघता बघता अख्ख्या बंदुकीतली सर्वांत नटलेली जागा तीच ठरली.

ही बंदूक मुळात जर्मन. मध्य युरोपातले शिकारी वापरत ती येगर रायफल आखूड असे, नळी 30 इंचांच्या आसपास, भोक रुंद, दस्ता बहुधा अक्रोडाचा. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जर्मन आणि स्विस कुटुंबं मोठ्या संख्येने पेन्सिल्व्हेनियात आली, त्यांच्याबरोबर बंदूकवालेही आले. नव्या देशात नळी लांबत 42 ते 46 इंचांवर गेली आणि भोक लहान झालं. जंगलात महिनोन्‌महिने राहणाऱ्याला शिसं पाठीवर वाहून न्यावं लागतं. .60 इंचाच्या भोकासाठी एका पौंड शिशात जेमतेम 20-22 गोळ्या होतात; .45 इंचासाठी 50च्या वर. नळी लांबली म्हणून दस्ताही लांबला, कारण तो थेट नळीच्या तोंडापर्यंत एकसंध जाई. जवळजवळ पाच फूट लांबीचं एकच लाकूड, पुढच्या अर्ध्या भागात कागदी वाटावं इतकं पातळ, आणि मागे खांद्याचा धक्का सोसणारं. लाकडाच्या निवडीचा सगळा पेच या एका वाक्यात आहे.

प्रत्येक खोऱ्याने या आकाराला आपापलं वळण दिलं. पेन्सिल्व्हेनियातल्याच बेथलहेम आणि नाझरेथ या गावांजवळ मोराव्हियन पंथाच्या वसाहतीत, क्रिश्चन्स स्प्रिंग इथे, आंद्रेआस आल्ब्रेख्त आणि त्याच्यानंतर क्रिश्चन ओर्टर यांनी दुकान चालवलं. ओर्टरच्या 1774 आणि 1775 सालच्या सही-सालासकट रायफली आज उपलब्ध आहेत आणि अमेरिकन क्रांतीपूर्व काळ समजून घ्यायला त्यांच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही. लँकेस्टरमध्ये जेकब डिकर्टचं नाव मोठं. तिथल्या दस्त्याची वरची आणि खालची कड दोन्ही सरळ, बूड त्रिकोणी, आणि पॅचबॉक्सच्या माथ्यावर डेझीचं फूल. लीहाय खोऱ्यात, ॲलनटाउनच्या आसपास, वरची कड कमानीसारखी फुगते. संग्राहक तिला रोमन नाक म्हणतात. रूप, मोल, नाइहार्ट ही तिथली घराणी. मेरीलँडमध्ये एमिट्सबर्गच्या जॉन आर्मस्ट्राँगचं काम इतकं नेटकं की त्याच्या पितळेवरच्या कडा आजही नजरेला टोचतात. दक्षिणेकडे व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनापर्यंत ही परंपरा गेली. टेनेसीच्या डोंगराळ भागात मात्र पितळ सुटलं. तिथल्या लोहारांनी घडीव लोखंडाचे भाग बसवले आणि पॅचबॉक्सच्या जागी चरबी ठेवायला नुसतं गोल भोक पाडलं. त्या बंदुका गरिबीच्या खुणा म्हणून बरीच वर्षं दुर्लक्षित राहिल्या. मला त्या फार सुंदर वाटतात. दागिना काढून टाकल्यावरही रेषा उभी राहते, हे त्यांनी सिद्ध केलं.

या बंदुकीचा इतिहास गौरवाने सांगायची तिच्या देशात सवय आहे. जून 1775 मध्ये अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने नेमबाजांच्या दहा तुकड्या उभारायचा ठराव केला, 1815 सालच्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर गाण्यांनी तिला 'केंटकी रायफल' हे नाव चिकटवलं, वगैरे. प्रत्यक्ष युद्धात तिच्या मर्यादाही होत्या: भरायला वेळ लागे आणि संगीन बसत नसे. आणखी एक गोष्ट या पुस्तकाने विसरू नये असं मला वाटतं. ज्या लँकेस्टर परगण्यात इतकी देखणी कारागिरी बहरली, तिथेच डिसेंबर 1763 मध्ये पॅक्स्टनच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळक्याने 20 निःशस्त्र कोनेस्टोगा मूळनिवासींना ठार मारलं; त्यातले 14 जण तर सरकारी आश्रयाखाली लँकेस्टर गावातच ठेवलेले होते. ही बंदूक ज्या सरहद्दीसाठी बनली ती दुसऱ्यांच्या जमिनीवर पुढे सरकत होती. मूळनिवासी शिकारीही याच रायफली वापरत, आणि नाझरेथजवळ बोल्टन इथे हेन्री घराण्याने फर व्यापारासाठी मुद्दाम त्यांच्या पसंतीच्या रायफली बनवल्या. वस्तू सुंदर आहे म्हणून तिचा इतिहास निर्मळ होत नाही, आणि इतिहास रक्ताळलेला आहे म्हणून तिच्यातलं काम कमअस्सलही ठरत नाही. दोन्ही एकत्र मनात धरूनच हा विषय अभ्यासावा लागतो.

क्रांतीनंतरची तीसेक वर्षं कोरीव कामाची भरभराट. नंतर टोपीचे चाप आले, नंतर मागून भरायच्या बंदुका, नंतर कारखाने. विसाव्या शतकात जॉन डिलिनने 1924 साली पहिलं मोठं पुस्तक लिहिलं आणि 1960 साली जो किंडिग ज्युनियरने या बंदुकीकडे कलावस्तू म्हणून बघायला शिकवलं. 1969 सालच्या एका माहितीपटात वॉलेस गुसलर विल्यम्सबर्गच्या दुकानात लोखंडाच्या पट्टीपासून पूर्ण रायफल हाताने घडवताना दिसतो. आजच्या कारागिरांपैकी कितीतरी जण तो पाहून या कामाकडे वळले. लेखनाची एक त्रुटी मात्र राहिली. संग्राहकांनी घराणी आणि सह्या यांवर खूप लिहिलं, पण फळी कशी पारखायची आणि पितळावर कानस कशी चालवायची हे बहुतेक दुकानाच्या उंबऱ्याआतच राहिलं.

लाकडाबद्दल बोलायला लागलं की लोक पट्ट्यांबद्दलच बोलतात. मॅपलच्या काही झाडांत तंतू सरळ न वाढता लाटेसारखे वाढतात. असं लाकूड कापलं की लाटेच्या एका अंगाला तंतूची कूस दिसते आणि दुसऱ्या अंगाला त्याची कापलेली टोकं. टोकं रंग जास्त पितात म्हणून गडद होतात, कूस फिकी राहते. बंदूक उजेडात जरा फिरवली की गडद पट्टा फिका होतो आणि फिक्याच्या जागी गडद येतो. युरोपातले व्हायोलिनकार वाद्याच्या पाठीसाठी असंच लाकूड शोधतात. मोह पडावा अशीच ही गोष्ट आहे, आणि दस्ते मोडतात तेही याच मोहापायी.

दस्ता मोडतो तो मुठीत. तिथे वरून नळीच्या शेपटीसाठी खाच, बाजूने चापासाठी खोल कोनाडा, खालून ट्रिगरसाठी चीर, आणि मधून आरपार जाणारा स्क्रू. राहिलेलं लाकूड बोटभर. त्या जागी तंतू लाटा खात वरखाली गेले असतील, किंवा मुठीला तिरके छेदून बाहेर पडत असतील, तर एका पडण्यात दस्ता दुभंगतो. संग्रहालयांतल्या जुन्या रायफलींच्या मुठीवर पितळी पत्रा किंवा कच्चं चामडं गुंडाळून केलेल्या दुरुस्त्या दिसतात, त्या याच कारणाने. म्हणून फळी निवडताना आधी मूठ निवडायची असते. दस्त्याच्या आकाराचा पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा नमुना फळीवर ठेवायचा आणि तो सरकवत, तिरपा करत राहायचं, जोवर फळीवरच्या रेषा मुठीच्या उताराबरोबर उतरत नाहीत. बुंध्याजवळच्या लाकडात तंतू मुळाकडे वळलेले असतात. बूड त्या टोकाला ठेवलं तर उतार झाडानेच दिलेला मिळतो. पुढच्या भागात मात्र रेषा सरळच हव्यात. नळीची खाच कापून झाल्यावर तोंडाजवळ भिंत दोनेक मिलिमीटर उरते. तिरक्या रेषांची भिंत तिथे वाकते आणि नळीला बाजूला ढकलते. सगळं जुळून आलं आणि बुडावर पट्टेही निघाले, तर फळी घ्यायची. पट्टे असून मूठ बिघडलेली असेल, तर ती दुसऱ्या कशाला तरी वापरावी.

मॅपलच्याही जाती आहेत. साखर मॅपल कठीण आणि जड. रेड मॅपल त्याहून मऊ. जुन्यांनी दोन्ही वापरले, शिवाय काळा अक्रोड आणि चेरीही. जातीच्या नावापेक्षा हातातलं लाकूड महत्त्वाचं. त्याच्या कोपऱ्यावर धारदार पटाशीने आडवा काप घ्यावा. काप चकचकीत आणि कड शाबूत आली तर त्यावर कोरीव काम उभं राहील. भुसभुशीत तुटली तर ते लाकूड कितीही पट्टेदार असो, पान कोरताना त्याची कड ढासळणार. माझ्या मते अतिपट्टेदार लाकडाचा आजचा सोस कारागिरीच्या मुळावर आला आहे. दर बोटभर अंतरावर काळा-पिवळा पट्टा असेल तर गालामागची नाजूक वेल कुणाला दिसणार? क्रांतीपूर्व काळातल्या उत्तम रायफलींपैकी कितीतरी बेताच्या पट्ट्यांच्या आहेत, आणि म्हणूनच त्यांची रेषा डोळ्यांत भरते.

वाळवणीला घाई चालत नाही. इंचाला एक वर्ष हा जुना हिशोब, म्हणजे अडीच इंचांच्या फळीला अडीच वर्षं, आणि शेवटी ओलावा 8 ते 10 टक्क्यांवर यावा. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात उघडं लाकूड याच्या बरंच वर जातं. त्यामुळे तिकडे काटेकोर बसवलेलं पितळ इकडे श्रावणात लाकडाच्या मानाने खाली गेलेलं वाटलं, तर तो बसवणाऱ्याचा दोष समजू नये.

रंगासाठी जुन्यांचा उपाय म्हणजे नायट्रिक आम्लात विरघळवलेलं लोखंड. ते मॅपलवर लावलं की आधी मळकट हिरवट दिसतं. तापलेल्या लोखंडाच्या कांबीची धग जवळून दाखवली की डोळ्यांदेखत तांबूस तपकिरी होतं. आम्लात लोखंड टाकताना निघणारा तांबडा धूर विषारी असतो, म्हणून ते काम उघड्यावरच करायचं. रंगानंतर उरलेलं आम्ल सोड्याने मारलं नाही तर लाकूड पुढे काळवंडत जातं. वर जवसाचं उकळलेलं तेल किंवा व्हार्निश. पॉलिश पेपरऐवजी जुने लोक पोलादी पात्याने लाकूड खरवडून गुळगुळीत करत. त्याने उलट्या तंतूवरही लाकूड उचकटत नाही आणि पृष्ठभागावर हाताच्या चालीची अगदी बारीक लहर उरते.

आता पितळ. त्या काळी घडीव लोखंडाला ओतता येत नसे. प्रत्येक भाग ऐरणीवर ठोकून काढावा लागे. पितळ साधारण 930 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि मोडकी भांडीकुंडी वितळवूनही मिळवता येतं. लाकडाचा एक नमुना करायचा, दोन चौकटींतल्या ओल्या वाळूत त्याचा ठसा घ्यायचा, पितळ ओतायचं. तोच नमुना पुढे वर्षानुवर्षं वापरात राही, कधी शिष्याकडे जाई. त्यामुळे दोन बिनसहीच्या रायफलींची बुडाची पट्टी तंतोतंत सारखी निघाली तर त्या एकाच दुकानाच्या असण्याचा दाट संभव असतो. पॅचबॉक्सचे भाग मात्र पत्र्याचे. पत्रा ठोकला की पितळ कडक होतं. मंद लाल करून पुन्हा मऊ करावं लागतं, नाहीतर वळवताना तडकतं.

पितळाच्या तडकण्याला हिंदुस्थानाशी जोडलेला एक प्रसंग आहे. ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना इथल्या पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांना तिथल्या अमोनियाची बाधा होत होती. काडतूस घडवताना धातूत राहिलेला ताण, दमट हवा आणि अमोनिया हे तिन्ही एकत्र आले की पितळ फाटतं, याचा उलगडा 1921 साली झाला. आज नव्या रायफलीचं पितळ जुनं दिसावं म्हणून काहीजण ते बंद डब्यात अमोनियाच्या वाफेवर धरतात. ठोकून कडक झालेलं, नीट मऊ न केलेलं झाकण तसं धरणं म्हणजे तोच प्रयोग घरी करणं आहे.

ओतलेला भाग साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या कातडीत वाळूचे कण रुतलेले असतात. नवी कानस त्यावर चालवली तर तिचे दात तिथेच जातात, म्हणून पहिली फेरी जुन्या कानशीची. मग भाग लाकडात बसवायचा. बुडाच्या पट्टीला आतून दिव्याची काजळी लावायची, जागेवर दाबायची, काढायची. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे ते वर आहे. तेवढंच पटाशीने तासायचं आणि पुन्हा दाबायचं. असं करत करत अख्खी जागा एकसारखी काळी उमटते, तेव्हा पितळ आणि लाकूड यांच्यामध्ये कागदही शिरत नाही. लाकूड थोडं वर ठेवलेलं असतं. शेवटी ते पितळाच्या पातळीवर आणून दोन्ही एकाच चालीत घासायचे. इथे कानशीला खडू लावलेला असावा, म्हणजे पितळाचा कीस दातांत अडकून ओरखडे पाडत नाही, आणि तो कीस मॅपलच्या तंतूंत रुतण्याआधी झटकत राहावा.

यानंतर कारागिराची खरी परीक्षा होते. पितळ चकचकीत करणं सोपं आहे. कडा जपून चकचकीत करणं अवघड. 220, 320, 400 असे पेपर क्रमाने चालवायचे, पण लाकडी पट्टीला किंवा कानशीला गुंडाळून. बोटाने दाबून घासलं की बोट मऊ जागी खोल जातं आणि कडा गोल होतात. बफिंगच्या चाकावर धरलं तर पाच मिनिटांत आरसा होतो, आणि ट्रिगरच्या कड्यावरचे तीन स्वतंत्र पैलू वितळल्यासारखे एक होऊन जातात. जुन्या कामात पितळ कधी कधी पूर्ण गुळगुळीतही नसतं. आतल्या अंगाला कानशीचे माग स्पष्ट राहतात. पण कड जिथे असायला हवी तिथे ती असते.

जुनं काम हाताळणाऱ्यांना एक विनंती. दिवाळीच्या आधी चिंच-मिठाने समई उजळायची आपली रीत समईला शोभते. शंभर-दोनशे वर्षांच्या रायफलीवर ती करू नये. आम्लाने डाग जातात, पण घासण्याने पॅचबॉक्सवरचं नाजूक खोदकाम दरवेळी थोडं झिजतं, आणि फटींत शिरलेला ओलावा लाकूड खातो.

सध्याच्या कारागिरांत एक मोठा मतभेद आहे. काहीजण नवी रायफल मुद्दाम झिजवतात, काळवंडवतात, जणू तिने दोन शतकं पाहिली आहेत. त्यातलं काही काम विलक्षण कौशल्याचं आहे. मी मात्र दुसऱ्या बाजूला आहे. डिकर्टच्या गिऱ्हाइकाला त्याची रायफल नवी मिळाली होती, पितळ पिवळंधमक आणि लाकूड तेलाने ओलसर. ती तशी दिसताना कशी होती, हे आजच्या कारागिराशिवाय आपल्याला दुसरं कोण दाखवणार?

हा विषय आत्ताच मांडावा असं वाटण्याचं कारण साधं आहे. आज नळी यंत्रावर कापून येते, चाप तयार मिळतो, दस्ताही नव्वद टक्के कोरलेला मिळतो. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचीच स्थिती वेगळ्या वाटेने परत आली आहे: लाकूड ओळखणं आणि पितळ सफाईने पूर्ण करणं एवढंच हाताचं काम उरलं, आणि चांगल्या-वाईटाचा निवाडाही त्यावरच ठरतो. ज्यांना बंदुकीत रस नाही त्यांनाही यातून घेण्यासारखं आहे. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर असो वा वाद्य बनवणारा, लाकडाची रेषा आणि धातूची कड हे प्रश्न त्यालाही रोज पडतात.

पुस्तकाची हद्द आधीच सांगतो. भारतात 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा तिचे भाग बनवणं गुन्हा आहे, आणि हे पुस्तक बंदूक बनवायला शिकवत नाही. नळी, चर, चापाची आतली रचना यांविषयी इथे ओळखीपुरतंच आहे. घराण्यांची संपूर्ण वंशावळही इथे मिळणार नाही. इथे आहे ते बघायचं शिक्षण: फळीसमोर उभं राहून काय बघावं, पितळी भागावर कुठे बोट फिरवावं, एखाद्या रायफलीवर कानस कुठल्या दिशेने चालली ते कसं ओळखावं. शब्द शक्य तिथे आपल्या ठासणीच्या बंदुकीचे वापरले आहेत, बूड, मूठ, गज, चाप, घोडा. जिथे मराठी शब्द रूढ नाही तिथे तिकडचाच ठेवला आहे.

सुतारकाम येणाऱ्याने पितळाचा भाग आधी वाचावा आणि धातुकाम येणाऱ्याने लाकडाचा. वाचताना जवळ पितळाचा एक ओतीव तुकडा, एक जुनी कानस आणि कुठल्याही कठीण लाकडाची वीतभर पट्टी असू द्यावी. ओतीव कातडीखालचं स्वच्छ पितळ लागलं की कानशीचा आवाज बदलतो. तो आवाज ओळखायला शिकल्याशिवाय पुढच्या अर्ध्या सूचनांचा उपयोग होणार नाही.